पिवळ्या खोलीतली कावीळ

रत्नागिरीच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात मी सोल्डर मास्क विभागाचा प्रमुख होतो. सर्किट बोर्डावर जो हिरवा थर दिसतो, तो आमचा. ती शाई जाळीतून बोर्डावर ओढायची, भट्टीत सुकवायची आणि एक्स्पोजर यंत्राच्या अतिनील प्रकाशात घट्ट करायची. दिवसाचा उजेड लागला तरी ती वेळेआधी घट्ट होते. म्हणून आमच्या खोलीत केवळ पिवळे दिवे असत आणि त्यांखाली सर्व माणसे पिवळी दिसत. सौंदर्य हा विभागाचा विषय नव्हता.

एके सकाळी ओल्या शाईत काड्यांचे बारीक तुकडे सापडले. मी यंत्र तपासले, हवेच्या गाळण्या तपासल्या, शेवटी यंत्र चालवणारा कारागीर तपासला. त्याच्या पांढऱ्या डगल्याखाली काविळीची माळ निघाली. काड्यांची ही माळ लांबत जाते तशी कावीळ उतरते, अशी समजूत आहे.

"कावीळ झाली आहे?"

"मला नाय, सर. सासूबाईंना दिसली."

सासूबाई बंदरावर मासे विकत आणि जावयाच्या घरी राहून तिथली चूल सांभाळत. त्याचा विसरलेला डबा घेऊन त्या एकदा कारखान्यात आल्या, काचेतून जावई पाहिला आणि त्याच संध्याकाळी त्याचे मासे बंद केले. पेज, मुळ्याचा पाला, उसाचा रस. रक्ताची तपासणी निर्दोष आली. कागदाला डोळे असतात का, असे त्यांनी विचारले.

"पोरं माझ्यासमोर बांगड्याचे काटे चोखतात, सर. तुम्ही सांगा त्यांना. नायतर मी काय जगत नाय."

इतरांच्या घरगुती बाबींत मी पडत नाही. परंतु काड्या माझ्या विभागात पडत होत्या. मी बाईंना बोलावून घेतले आणि जावयाला अंगणात त्यांच्यासमोर उभे केले.

"उन्हात काय, सगळेच गोरे," त्या म्हणाल्या. "आत बघा, कसा हळदीचा दिसतो तो."

आम्ही आत गेलो. नियमाप्रमाणे त्यांना डगला व टोपी दिली. टोपीत अंबाडा मावेना. दोन टोप्या लागल्या.

"बघा!" जावयाकडे बोट करून त्या म्हणाल्या. मग त्यांनी मला पाहिले. "अगो बाय! सायब, तुमचं तर पारच गेलंय. घरच्या बाईचं लक्ष हाय की नाय?"

"आता आपले हात पाहा."

त्यांनी हात पाहिले, उलटे केले, डगल्याला पुसून पुन्हा पाहिले.

"मला पण?"

"तसे दिसते. पथ्य सर्वांना सारखेच. आजपासून पेज."

"आणि मासे?"

"बंद."

"सुरमई काढून ठेवलीय मी आजची!"

त्यांनी मान वर करून छताकडे पाहिले.

"सायब, दिवाच पिवळा हाय की वो तुमचा."

"असे म्हणता?"

"एवढी शिकलेली माणसं, एक धड दिवा लावता येत नाय!" बाहेर येताच त्यांनी जावयाच्या गळ्यातली माळ ओढून काढली. "आणि तू रे? तोंड नव्हतं सांगायला?"

दुसऱ्या दिवशी दुपारी तो डबा घेऊन माझ्यापुढे उभा राहिला.

"सासूबाईंनी तुमच्यासाठी तुकडी दिलीय, सर. पण आधी तुम्हाला उन्हात नेऊन बघायला सांगितलंय."

मी उन्हात जाऊन उभा राहिलो. सुरमई ताजी होती.