मुशीचं तेल आणि रबिंग मशीन

मला आमच्या गाडीची किळस यायची, हे आधीच सांगून टाकतो. बिघडायची म्हणून नव्हे, इंजिन ठणठणीत होतं. वासामुळे! बा जन्मभर मचवा घेऊन रेवदंड्याच्या खाडीतून समुद्रात गेला. मचव्याच्या फळ्यांना मुशीच्या, म्हणजे शार्क माशाच्या, काळजाचं तेल चोपडतात, तसं तो दरवर्षी पावसाआधी गाडीलाही चोपडायचा. वरून, खालून, दारांच्या फटीत, सगळीकडे. "खारा वारा लोखंड खातो रं," म्हणायचा. अहो, पण लाकूड ते तेल पिऊन टाकतं, पत्रा कुठं पितो? ते तिथंच बसायचं, त्यावर वाळू, धूळ, चिलटं चिकटायची आणि उन्हात सगळ्याची खवट साय व्हायची. मूळची लाल गाडी विटेच्या रंगाची झाली होती. ऑफिसला मी मोटरसायकलनंच जायला लागलो.

त्यात गाडीला पंधरा वर्षं झाली आणि पासिंग आलं. नापास झाली तर थेट भंगारात. मला काय, माझी मोटरसायकल होती. प्रश्न बाचा होता. मचवा सुटला, गुडघे गेले, रिक्षात चढता येईना. रोज संध्याकाळी मी त्याला याच गाडीतून धक्क्यावर न्यायचो. पुढच्या सीटवर बसून तो येणाऱ्या बोटी बघायचा आणि खिडकीतून जुन्या खलाशांना मनसोक्त शिव्या घालायचा. दिवसातला तेवढाच एक तास तो माणसात असायचा. गाडी गेली असती तर तो खाटेला लागला असता, हे मला पक्कं कळत होतं.

ऑफिसात कोणी तरी म्हणालं, रंग बघूनच गाडी बाद करतात. गॅरेजवाल्यानं दार उघडलं, नाकाला रुमाल लावला आणि म्हणाला, "आधी धुऊन आणा, मग बोलू." इतकी लाज वाटली! मी रंग घासून चमकवायचं रबिंगचं मशीन भाड्यानं आणलं आणि फोनवर व्हिडिओ बघत बसलो. त्यातला माणूस हातमोजे घालून आधीच चकचकीत असलेली गाडी आणखी चकचकीत करत होता. त्याला काय अक्कल लागते!

रविवारी अंगणात गाडी घेतली, पाइपानं पाणी मारलं, पुसली. झालं धुणं, असं मला वाटलं. पॅडवर कंपाउंडची पेस्ट घेतली, बॉनेटवर दाबलं आणि बटण सुरू केलं. शी शी शी! पत्रा तापला आणि वर्षानुवर्षांचं तेल जागं झालं. सडका मासा तव्यावर टाकावा तसा वास. वर त्या तपकिरी चिखलाचे शिंतोडे उडाले, दाढीत, चष्म्यावर, आणि एक सरळ ओठावर. मी मशीन टाकून कुंपणापाशी ओकलो. बायकोनं खिडकीतून विचारलं, "अहो, आज काय शिजवताय?"

मग गरम पाणी, कपड्याची पावडर, घासणी. चार वेळा घासलं. नखांत तो चिकटा बसला, दुपारची भाकरी घशाखाली उतरेना. ओटीवरून बा म्हणाला, "सगला तेल काढतंस? मंग गंजंल ती."

माझं डोकंच फिरलं. "बा, तुझ्या तेलानंच घाण केलीय ही सगळी. गप बस!"

तो भिंतीला धरत उठला आणि आत गेला.

दुसऱ्या वेळी जमायला लागलं. मशीन दाबायचं नाही, सपाट धरायचं, वेग कमी ठेवायचा, एका जागी थांबायचं नाही. दारावर लख्ख लाल उमटला. पॅडही लाल झालं, म्हणजे जुना रंग झिजून निघत होता, हे मला दिसत होतं. पण चेव चढला होता. बॉनेटच्या कडेवर जरा जास्त रेंगाळलो आणि अंगठ्याएवढा रंग उडून खालचा करडा प्रायमर वर आला. कपाळावर हात मारला. शेवटी बायकोनं तिथं स्वतःची लाल नेलपेंट लावली, हसत हसत, दोन हात.

पासिंगला पेणला जाताना बा मुद्दाम बरोबर आला. तपासणाऱ्या साहेबांनी रंगाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. वाकले, टॉर्च मारला, खालून पत्र्यावर स्क्रूड्रायव्हर ठोकून पाहिला. "समुद्रकाठची गाडी ना? तिकडच्या गाड्यांचे तळ हातात निघतात. हिला गंजाचा ठिपका नाही! कोण एवढी काळजी घेतं?"

बा पुढच्या सीटवर होता. काच खाली होती.

"मीच घेतो, साहेब," मी म्हणालो.

कसं निघालं तोंडातून, देव जाणे. गाडीच्या तळाला मी हातसुद्धा लावला नव्हता. साहेबांनी शाबासकी दिली, सही केली, गाडी पास झाली. मी मान वळवून बाच्या तोंडाकडे बघू शकलो नाही. त्या तेलानं ओकलो होतो ना, त्याहून जास्त किळस मला स्वतःची आली.

परत येताना त्यानं आपल्या बाजूची काच वर घेतली. रेवदंड्यात शिरलो तेव्हा बोटी यायची वेळ झाली होती. मी न विचारताच गाडी धक्क्याकडे वळवली.

"आज नको," बा म्हणाला. "घरा चल."