ताइस्तोची पाटी

ओउलूतल्या कार्यालयात हिल्केवीचा प्रोग्राम शहरभरच्या इंटरनेट जोडणाऱ्या नेटवर्क-स्विचमध्ये आपोआप लॉगिन करून आज्ञा देई. # दिसलं की स्विच तयार, एवढंच त्याला ठाऊक. बंदरावरच्या स्विचवर मात्र लॉगिन करताच पडद्यावर # चिन्हांच्या चौकटीत पाटी यायची: 'आलीस? आधी कॉफी घे. – ताइस्तो.' चौकटीतलं # पाहून प्रोग्राम वेळेआधीच आज्ञा सोडायचा आणि फसायचा. प्रोग्राम सुधारणं हिल्केवीच्या डाव्या हातचा मळ होता, तरी रोज ती तिथे स्वतः लॉगिन करून काम उरकायची. शेजारच्या टेबलावरचा ताइस्तो मार्चमध्ये वारला होता.

"अगं, मेलेल्या माणसाची कॉफी किती दिवस पिणार आहेस?" साहेब वेईको खेकसला. "पुसून टाक ती पाटी!"

तिनं पुसली. प्रोग्राम शेवटपर्यंत सुरळीत चालला.

"बघ, किती सोपं होतं."

"हो," हिल्केवी म्हणाली. उद्यापासून तिला बंदरावरच्या स्विचमध्ये जायचं काही कारणच उरलं नव्हतं.