नदीपलीकडच्या पाटलांचं जेवण

आमचं गाव वऱ्हाडात आणि माझं माहेर नदीपलीकडे मोगलाईत, म्हणजे निजामाच्या राज्यात. चुकून आलेली गुरं दोन्हीकडचे लोक कोंडवाड्यात घालत, त्यावरून भांडणं वाढली होती. शेवटी इकडच्या पाच गावांनी एक होऊन माझ्या माहेरच्या पाटलांना आमच्या घरी बोलावलं. यापुढे गुरं कोंडायची नाहीत, परत करायची, असं ठरलं. आता एका पंगतीत जेवलं की बोलणं पक्कं होणार होतं.

पानं वाढली आणि पाटील उठले. "मला भूक नाही," एवढंच म्हणाले.

"काऊन? आमचं अन्न चालत नाही काय?" एक जण चिडला. "मंग शब्द तरी काय पाळता!"

दाराआडून बघताना पाटलांचं कारण माझ्या लक्षात आलं. गावची प्रत्येक लेक ते आपली मानत, आणि मूल होईपर्यंत लेकीच्या घरी जेवत नसत. माझ्या लग्नाला चार वर्षं झाली होती. माझी उणीव त्यांना चारचौघांत सांगायची नव्हती.

मी पाहुण्यांसमोर कधी बोललेली नव्हते. त्या दिवशी पदर ओढून म्हणाले, "मामंजी, मला अजून मूल नाही, म्हणून ते जेवत नाहीत."

सासरे हसले. "तं काय नातू होईपर्यंत पाच गावची ढोरं कोंडून ठेवू? उचला पानं, शेजाऱ्याच्या ओसरीवर बसू, ते काही लेकीचं घर नाही!"

सगळे हसत उठले. तिथे वाढायला मीच गेले. पाटलांनी पुरणपोळी माझ्याकडून दोनदा मागून घेतली.