जाऊबायचं नाव मी सांगितलं

आमच्या केसमधे दोन दाखले हायत, एक माजा, एक माज्या मोठ्या जाऊचा, दोनी खोटे, आनी दोनी मी आनले. हे आदीच लिहून टाकते, नायतर लिहिता लिहिता मी परत दुसऱ्यावर ढकलीन.

मी आश्रमशाळेत पाचवीपर्यंत शिकली, मनोरच्या वर डोंगरात आमचा पाडा हाय, तिथं. पाचवीनंतर आईबापाबरोबर वीटभट्टीवर गेली ती शाळा सुटलीच. लग्न करून वाणगावकडं आली, मंग पोरगी झाली तशी आमी चौघं, मी, नवरा, दीर आनी जाऊ, कामासाठी बोईसरला एका खोलीत रायला आलो. बाटल्यांची बुचं बनवनाऱ्या कंपनीत पॅकिंगला बाया घेत होते. गेटवरचा सुपरवायझर बोलला, आठवी पास का कागज लाओ. बुचं पिशवीत भरायला आठवी कशाला लागते ते मला आजून कळलं नाय, पन तेव्हा मी काय विचारते, मी मान हलवली आनी परत आली.

लाईनीतल्या एका बाईने सांगितलं, बाजारात एक झेरॉक्सवाला हाय, तो दाखला काढून देतो. मी गेली. त्याने शाळेचं नाव विचारलं, मी माज्याच शाळेचं सांगितलं. मंग त्याने जन्मतारीख विचारली, ती मला माहीत नव्हती, आधारवर नुसतं साल हाय. आईला फोन केला तर आई बोलली, तू दिवाळीच्या तोंडावरच्या वाघबारशीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी झालीस, आदल्या दिवशी मी वाघदेवाला नारळ देऊन आलेली. झेरॉक्सवाल्याने मोबाईलवर त्या सालाची दिवाळी शोधली, मागं मोजत तारीख काढली, आनी छापली. मला लय बरं वाटलं. खोट्या कागदावर एक तरी गोष्ट खरी हाय असं वाटलं.

जाऊने तर पाटीपन कधी धरली नाय. तिला मी सांगितलं, बाय, मी शाळेत जाऊन गुरुजींना भेटली, आता सरकार न शिकलेल्यांना पन वय बघून दाखला देतं. तिने लगेच मानलं. औषधाच्या बाटलीवरचं मी वाचते, एसटीची पाटी मी वाचते, घरात मी बोलेन तेच अक्षर. तिचा जन्म होळीचा. ते सांगताना हसली आनी बोलली, "म्हनूनच तुजा दीर माज्यापासून चार हात लांब उभा रातो."

तिचापन दाखला मी त्याच झेरॉक्सवाल्याकडून आनला, आनी आमी दोघी लागलो कामाला. तिची कामाची पाळी असली का पोर माज्याकडं, माजी असली का तिच्याकडं. तिला मूल नाय, पोर तिच्या अंगाखांद्यावरच असायची.

मंग कंपनीत कोनाचातरी कागद खोटा निघाला, म्हनून सगळ्यांच्या झेरॉक्स शाळांना पाठवल्या. माज्या शाळेच्या हेडमास्तरांनी लिहून दिलं, आमच्या वहीत त्या वर्षांच्या पोरांत अशी तारीख कोनाचीच नाय, सगळ्यांची एक जून हाय. आमच्या पाड्यावर कोनाच्या आईला तारीख सांगता येत नव्हती, तर गुरुजींनी नाव घालताना सगळ्यांना एक जून देऊन टाकलेली. मलापन. माजा खरा दाखला, पाचवीचा का होईना, तिथं शाळेतच होता, तो मी कधी मागितलाच नाय, म्हनून मला ठाऊक नव्हतं. खरी तारीख लिहिली आनी तिनेच पकडून दिलं.

पोलीस खोलीवर आले. दोनी दाखले पोरीच्या लशीच्या कार्डाच्या पिशवीत होते, माज्या पिशवीत, मीच काढून दिले. त्यांच्यातल्या मॅडम बोलल्या, खोटे कागद जवळ ठेवले आनी खरे म्हनून वापरले, गुन्हा हाय, दोघी चला.

रिक्षात नवरा माज्या कानाला लागला. पोर अंगावर पिते, तुला आत टाकलं तर ती जगनार नाय. वहिनीला पोर नाय, तिचं नाव सांग. मी त्याला नाय बोलली नाय. ठान्यात मॅडमनी विचारलं, कोनी आनले, आनी जाऊ बाकड्यावर माज्या शेजारीच बसलेली असताना मी बोलली, जाऊबायने आनले, माजापन तिनेच आनला. माज्या तोंडातून ते इतकं सहज आलं का मलाच भीती वाटली.

मॅडमनी जाऊकडं बघितलं. "खरं हाय का हे?"

जाऊ माज्याकडं बघत रायली. मंग बोलली, "ती बोलते तर तसंच असेल. आमच्यात तीच शिकलेली हाय."

आमाला घरी सोडलं, बोलावू तेव्हा यायचं असा कागद दिला. घरी आल्यावर पोरीने जाऊकडं हात पसरले, तर जाऊने तिला घेतलं नाय. बोलली, घे तुजी तू, माजे हात खोट्याचे हायत. त्यानंतर जेवन वाढायची, पानी भरायची, पन पोरीला शिवायची नाय. पोर तिच्यामागं रांगत जायची, लुगडं धरायची, ती सोडवून घ्यायची. मला अन्न जाईना. माजं दूध कमी झालं.

पालघरला कोर्टाकडून एक वकील बाई फुकट मिळाल्या. त्यांना मी विचारलं, जबाब बदलता येतो का. त्या बोलल्या, येतो, पन मंग सगळं तुमच्या एकटीवर येईल, शिक्षा पन होईल. नवरा बोलला, घरातनं पाय काढलास तर बघ. तो कामावर गेला तशी मी पोरीला कडेवर घेऊन ठान्यात गेली, रस्ताभर वाटत होतं मागं वळावं, एकदा वळलीपन, पान्याच्या टाकीपर्यंत मागं जाऊन परत ठान्याकडं आली.

मॅडम भडकल्या. "आदी खोटा कागद, मंग खोटा जबाब. आज तिसरं काय आनलंस?"

मी सगळं सांगितलं. झेरॉक्सवाला, वाघबारस, जाऊची होळी, गुरुजींचं नाव घेऊन तिला कशी फसवली ते. सांगताना पोर रडत होती, मॅडम मधेच थांबून बोलल्या, पाज तिला आदी. मंग सगळं लिहून घेतलं.

आता आरोपी म्हनून मी आनी तो झेरॉक्सवाला. जाऊचं नाव साक्षीदारांत गेलं. माज्याविरुद्ध ती उभी रानार. त्या दिवसापासून नवरा माज्याशी बोलत नाय.

परवा तांदूळ निवडताना जाऊने विचारलं, कोर्टात काय सांगू गो मी. मी बोलली, जे झालं ते.

"तुला आत टाकतील."

"टाकू दे बाय."

तिने दोनचार खडे काढून बाजूला टाकले. मंग बोलली, "तेव्हा मी गप बसली ते तुज्यासाठी नाय. मला वाटलं, तू सांगतेस म्हंजे मीच विसरली असेन. आता नाय गप बसनार."

मी बरं बोलली.

वकील बाईंनी सांगितलं, पोरीला वरचं खायची सवय लावा. म्हनून रोज नाचनीची पेज करते, पातळ, गूळ घालून. माज्या हातून ती घेतच नाय, दुधाचा वास येतो तिला. मंग वाटी जाऊपुढं ठेवते आनी मी दाराबाहेर जाऊन बसते. पहिल्या दिवशी जाऊने वाटीला हात लावला नाय, पेजेवर पापुद्रा धरला. दुसऱ्या दिवशी पन नाय. काल आतून चमच्याचा आवाज आला. मी आत बघितलं नाय. थोड्या वेळाने जाऊने वाटी बाहेर सरकवली, अर्धी उरली होती.