मलिहाच्या बसचा हॉर्न

अमडापूरची मलिहा घरीच शिकवण्या घ्यायची आणि उरलेल्या वेळात कॉम्प्युटरवर बस बनवायची. बस चालवायच्या गेममध्ये आपण बनवलेली गाडी टाकता येते, त्याला मॉड म्हणतात. तिची लाल एसटी पोरांनी इतकी उचलून धरली की तिची मैत्रीण रेवती म्हणाली, "फुकट काऊन वाटून राह्यली? इक ना वं!"

मलिहाने किंमत लावली. तसा रोहिणखेडच्या शौनकचा फोन आला. त्या बसमधला हॉर्न त्याने डेपोत उभं राहून रेकॉर्ड केला होता आणि सगळ्यांना फुकट दिला होता.

"ताई, तुमची मेहनत तुम्ही इका," तो म्हणाला, "पन माहा हॉर्न म्या इकाले नाही देल्ला."

मलिहाला त्याचंही पटलं, रेवतीचंही. तिने अब्बांना विचारलं. रहेमतुल्ला कपाशीच्या बीटी बियाण्याचं पाकीट फोडत होते.

"पहिले घरची सरकी मी मागंल त्याले देत होतो," ते म्हणाले. "आता दर साली पाकीट इकत आनतो. त्यात अळीचा इलाज असते, त्याचे पैसे घेतात, तेही खरं वाटते. मलेच समजत नाही, बेटा, तुले काय सांगू?"

मलिहाने हॉर्न काढून बस विकायला ठेवली, पण ती मुकी बस तिला स्वतःलाच चालवावीशी वाटेना. शेवटी तिने हॉर्न परत बसवला आणि किंमत काढून टाकली. आपण शहाणपणा केला की गाढवपणा, हे तिला अजूनही सांगता येत नाही.