सोवळ्याच्या फडताळातला सोडा

माझे शुद्धलेखन कच्चे आहे. मराठी चौथीनंतर शाळा सुटली, आणि अक्षर तर कोंबडीने माती उकरावी तसे. ही वही कोणाच्या हाती पडलीच तर ऱ्हस्वदीर्घाकडे पाहू नये. पण हे लिहून काढल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

त्या वर्षी नाशकात बायकांच्या मंडळात साबण करायला शिकवत. स्वदेशीचे वारे होते, मीही शिकले. खोबरेल, पाणी आणि कॉस्टिक सोडा. साबण स्वदेशी, सोडा मात्र विलायती. डब्यावरची इंग्रजी अक्षरे मला वाचता येत नव्हती. शिकवणाऱ्या बाईंनी बजावले होते की सोडा थोडा थोडा पाण्यात सोडायचा, सोड्यावर पाणी ओतायचे नाही. अंगाला लागला तर भरपूर पाणी घालायचे. आणि डब्यातून दुसऱ्या कशात काढून ठेवायचा नाही. पहिल्या दोन गोष्टी मी पाळल्या.

पावसाळ्यात डबा गंजला, सोड्याला पाणी सुटू लागले. मी तो लोणच्याच्या रिकाम्या बरणीत भरला आणि सोवळ्याच्या फडताळात वरच्या फळीवर ठेवला. मला वाटले, या फडताळाला मुले हात लावत नाहीत, घरात याहून राखलेली जागा नाही. सासूबाईंना सांगितले तर म्हणाल्या, "असू दे, सांडू नकोस म्हणजे झालं."

फाल्गुनात शेजारी पापड होते. आळीतल्या बायका एकमेकींच्या घरी पापड लाटायला जात, त्या दिवशी शेजारच्या घराची पाळी होती. मला मात्र कावळा शिवला होता. मागच्या पडवीत घोंगडीवर बसून होते. सासूबाई देवळात गेल्या होत्या. मामंजी भिक्षुकी करत; ओसरीवर त्यांच्याकडे पूजेचे यजमान आले होते, त्यांचे संकल्प चालले होते.

शेजारच्या वहिनी परसातून आल्या. माझ्याच वयाच्या, तोंडाच्या फटकळ.

"काय वहिनी, तीन दिवस राज्य आहे बाई तुमचं! तुमच्या सासूबाई कुठायत? पापडखार कमी पडलाय."

"फडताळात आहे," मी म्हटले. "खालच्या फळीवर, लहान बरणीत."

त्या आत गेल्या. झाकण वाजले, मग दुसरे वाजले. पदराखाली वाटी धरून त्या लगबगीने बाहेर पडल्या. "भरपूर होता हो! उद्या आणून देते."

भरपूर?

लहान बरणीत चिमूटभर होता. मीच परवा पाहिला होता. मग वाटी कशाने भरली? दोन्ही पांढरे, दोन्ही खडे. मी उठले, पडवीच्या टोकाशी गेले, परत आले. आत जाऊन बरणी पाहावी तर स्वयंपाकघर बाटणार. हाक मारावी तर ओसरीवर परके पुरुष. मामंजींसमोर माझा आवाज कधी निघाला नव्हता. सासूबाई येतील, त्या पाहतील, असे म्हणून पुन्हा बसले. पुन्हा उठले. वहिनी काही वेड्या नाहीत, त्यांना कळेल. कसे कळेल? वास नाही, रंगही तोच.

असा बराच वेळ गेला, आणि पलीकडून मुलांचा ओरडा ऐकू आला, "काकू, लाटी! मला लाटी! तेल लावून!"

पापडाच्या पिठाच्या कच्च्या गोळ्या. मुले त्यासाठीच तर दारात बसून असतात.

मग मी काही विचार केला नाही. परस ओलांडून थेट त्यांच्या माजघरात शिरले. दहा-बारा बायका पोळपाट घेऊन बसलेल्या. मी परातीतल्या पिठावर दोन्ही हात ठेवले.

"शिवली गं! सगळ्यांना शिवली!"

"काय झपाटलंय का हिला?"

"खाऊ नका," मी म्हणाले. आवाज इतका मोठा निघाला की मलाच दचकायला झाले. "तो पापडखार नाही. साबणाचा सोडा आहे. कोणी खाल्लंय का?"

वहिनींची धाकटी, चार वर्षांची, दारात उभी होती. गाल फुगलेला. मी तिच्या तोंडात बोट घालून लाटी काढली. ती किंचाळली. खालचा ओठ आणि जीभ लाल झाली होती. मी तिला मोरीत नेऊन चुळा भरायला लावल्या, किती ते आठवत नाही. कोणी म्हणाले, मिठाचे पाणी पाजून ओकारी काढा. मी नको म्हटले. जाताना जाळले ते येताना पुन्हा जाळेल.

वहिनींच्या सासूबाईंचा विश्वास बसेना. "आपला विटाळ झाकायला सोंग करतेय," म्हणाल्या. मी फुलपात्रात थोडे पाणी घेतले, वाटीतले उरलेले खडे त्यात सोडले आणि फुलपात्राला बाहेरूनच हात लावून बघा म्हटले. त्यांनी बोट टेकवले आणि मागे घेतले.

"अगं बाई! चुलीवाचून तापलं!"

मग त्या परात उचलून गाईकडे निघाल्या. वाया गेलेले अन्न गाईला, हीच रीत. मी आडवी झाले. गाईलाही नको, आमच्या गोदागंगेतही नको. शेवटी परसात विहिरीपासून लांब खड्डा खणून ते सगळे पीठ पुरले.

डॉक्टर आले. घशात उतरले की नाही ते दोन-चार दिवसांत कळेल, तोवर गार दूध, म्हणाले. ते दिवस मी भिंतीला कान लावून काढले. पोर जेवायला बसली की रडायची. ती रडली की माझा घास हातात राही, आणि रडली नाही तरी राही. सहाव्या दिवशी वहिनींचा आवाज आला, "अगं, आमटीत भाकरी किती बुडवशील!" मी भिंतीपासून कान काढला.

उरलेला सोडा मी घट्ट झाकणाच्या नव्या डब्यात भरला, त्यावर मराठीत मोठे "विष" लिहिले, आणि स्वयंपाकघराबाहेर दाराच्या उंच कोनाड्यात ठेवून कुलूप लावले. सासूबाई, मामंजी, वहिनी, सगळ्यांना बोलावून दाखवला. मामंजींनी प्रथमच माझे बोलणे संपेपर्यंत ऐकले.

आठ शेर उडदाचे पीठ, हिंग, मिरी आणि डॉक्टरांची फी मिळून साडेचार रुपये होत होते. वहिनी नको म्हणत होत्या, "चुकीच्या बरणीत हात माझाच गेला." त्यांच्या सासूबाईंनी हिशेब पुन्हा एकदा बोटांवर मोजला. पण सोडा मी ठेवला होता, आणि मी हाकही मारली नव्हती. घरधन्यांकडे पैसे मागायचे नाहीत असे ठरवून मी साबणाच्या वड्या विकू लागले. लोकांच्या दारी जायची लाज वाटे. वडी पुढे करून नुसती उभी राही. आळीत कोणी म्हणायचे, "आली विषवाली!" आणि तरी दोन वड्या घ्यायचे.

दिवाळीच्या आधी शेवटचे आठ आणे घेऊन मी शेजारी गेले. वहिनींच्या सासूबाईंनी ते हातावर मोजले, डब्यात टाकले आणि म्हणाल्या, "फिटलं हो सगळं."