झिपरीची शिष्या आणि लाल फेटा

आता हे कोणत्या तोंडाने सांगू? पण घडलं ते तोंडामुळेच, तेव्हा सांगते.

लग्नाला तीन महिने झाले होते आणि अमळनेरला, सासरी, मी अबोल सून म्हणून नावाजले होते. पण माहेरी, वरणगावला, माझी एक गुरू होती हे कोणाला ठाऊक? भावाने आणलेल्या कॅसेटवरची इंग्लंडची पंक, म्हणजे बंडखोर, आरडाओरड्याच्या गाण्यांची गायिका! केस असे की आई तिला झिपरीच म्हणायची. बिस्किटांच्या कारखान्यातली नोकरी सोडून ती स्टेजवर चढली, भल्याभल्यांना गाण्यातून झोडपलं आणि चाळिशीच्या आत गेलीसुद्धा. गळा फाटका. पण भाऊ सांगायचा, तिला ऐकून तिकडच्या कितीतरी भित्र्या पोरींनी माईक धरला.

तर, नणंदेचं, सुनंदाचं लग्न. नवरदेवाकडचे पाहुणे साक्रीचे. पंगतीत दोन्हीकडच्या बायकांनी समोरच्यांना गाण्यातून टोमणे मारायचे, ही आमच्याकडची रीत. साक्रीच्या बायकांनी ओळीने पाच गाणी हाणली. आमची गाणारी काकू नेमकी घसा बसून गप्प. त्यांच्यातली एक म्हणाली, "हाई मुकास्नं घर शे का?"

सुनंदाचा चेहरा उतरला. 'मुक्यांच्या घरची' हे नाव तिला साक्रीत जन्मभर चिकटणार होतं.

मी परात पुढे ओढली. झिपरीला मनोमन नमस्कार केला आणि परातीवर पळी हाणत ताल धरला. समोर पाहुण्यांच्या मधोमध लाल फेट्याचे एक ऐसपैस गृहस्थ जिलेबी खात होते. याहून चांगलं गिऱ्हाईक कुठे मिळणार?

"लाल फेट्याचा भाऊ, पोटात किती खाऊ?
जिलब्या संपल्या ताटातल्या, आता पत्रावळ देऊ?"

काय सांगू, मंडप हादरला! साक्रीकर तर गडबडा लोळायचे बाकी. किती खेळकर माणसं, मला वाटलं. म्हणून मिशीवर एक कडवं, घोरण्यावर एक. सासूबाई मागून पदर ओढत होत्या. मी समजले, शाबासकी. चौथ्या कडव्याला त्या कानाशी आल्या. "अवं, तो मना भाऊ शे!"

म्हणजे माझे मामेसासरे. पाहुण्यांना आग्रह करायला त्यांच्यात बसलेले. माझ्या लग्नात मी मान खाली घालून होते, मी कोणाचं तोंड पाहिलं होतं?

पळी हातात तशीच राहिली. पण गंमत बघा, साक्रीच्या बायका आपसात कुजबुजल्या: जी घरच्या मामाला सोडत नाही, ती आपल्याला काय सोडणार? पुन्हा एकीनेही तोंड उघडलं नाही. सुनंदा तोंडाला पदर लावून हसत होती. झिपरी असती तर मला मिठीच मारली असती!

मामा उठले. मिशीवरचा पाक पुसत माझ्यासमोर आले.

"पुढला साल मनी पोरनं लगीन शे," ते म्हणाले. "गाना तूच म्हन. पन पहिले देखी ले, मी कोठे बसेल शे."